आजींना कुणी विचारलं का?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वृद्धाश्रमाचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणावर जाते. मुलं बिघडली, सुनेने घालवलं, संस्कार राहिले नाहीत. शेवटी सगळा दोष एका बाईच्याच माथी! आज मला त्या वाटेने जायचं नाही. आश्रमात पोचलेल्या बाईचं तिथलं जगणं कसं असतं, त्याबद्दल बोलायचं आहे.

मी अशा आश्रमांत जात असते. काही खरोखर चांगले चालतात. पण एका ठिकाणी सगळ्या आजींचे केस एकाच मापात बारीक कापलेले दिसले. कारण काय, तर उवा होतात आणि विंचरायला माणूस नाही. एक आजी मला म्हणाल्या, "नवरा गेला तेव्हासुद्धा माझ्या केसांना कुणी हात लावला नव्हता गं." १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आज सोयीच्या नावाखाली, न विचारता बाईचे केस कापले जातात, ते आपल्याला का खुपत नाही?

केस हे एक उदाहरण झालं. अंघोळीला आडोसा नाही. कपाटाची किल्ली ऑफिसात. कुणी वाढदिवसाची फळं वाटायला आलं की फोटोसाठी हसायचं. बोललं तर उत्तर तयार, "एवढं मिळतंय ते काय कमी आहे?" महिन्याचे पैसे भरणारी बाईसुद्धा उपकाराखालीच राहते.

तिथे राबणाऱ्या आयाही बायकाच आहेत, हे विसरू नका. एकीने वीस-वीस जणींचं करायचं म्हटलं, तर मायेला वेळ कुठून मिळणार? आजींचा मान आणि आयांचा पगार, दोन्ही मागण्या एकत्रच मांडायला हव्यात.

कायदा काय सांगतो? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार स्वतःचं भागवू न शकणारी आई मुलाकडून आणि मुलीकडूनही चरितार्थ मागू शकते. न्यायाधिकरणापुढे तिला वकिलाची गरज नाही. तिला स्वतःला अर्ज करता येत नसेल, तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. ही संस्था म्हणजे आपणच!

आणखी एक. घर मुलाच्या नावे करताना 'सांभाळ करीन' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यायला सांगा. पुढे त्याने सांभाळायचं नाकारलं, तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. तोंडी वचनावर अंगठा देऊन बसलेल्या किती जणी आश्रमात भेटतात!

पण आश्रमाच्या आत काय चालतं, ते पाहायला बाहेरची नजर लागते. म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने जवळचा एक आश्रम निवडावा. महिन्यातून एकदा जावं, आजींशी एकांतात बोलू देण्याचा आग्रह धरावा. राहणाऱ्यांची समिती असावी, तक्रारीमुळे कुणाला बाहेर काढणार नाही असं व्यवस्थापनाने लेखी द्यावं, ही मागणी करावी.

जाताना फळं नाही नेलीत तरी चालेल. वही-पेन मात्र न्या, आणि पुरेसा वेळ काढून जा.