परिचारिका आणि आई : बिल्किसबानू ईधी

(सोसायटीच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थिनींपुढे केलेले भाषण)



एखाद्या कर्तबगार मुस्लिम स्त्रीविषयी बोलावे, अशी चिटणीसांची सूचना होती. अशा वेळी आपल्याकडची नावे ठरलेली असतात. रझिया सुलताना येते, बेगम रुकैया येतात. त्यांच्याविषयी मुले दरवर्षी ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. मी आज एका नर्सविषयी बोलणार आहे. तिला शाळेची फारशी गोडी नव्हती. मागे बसलेल्या काही विद्यार्थिनींनी आता मान वर केली, ते मी पाहिले! पण अभ्यास टाळायला मिळालेली ही सबब समजू नका. शाळेत न रमलेली ही मुलगी पुढे आयुष्यभर शिकत राहिली.

बिल्किसबानूंचा जन्म १९४७ सालचा, काठेवाडातील बांटवा या गावचा. जुनागढच्या बाजूला हे लहानसे गाव आहे, मेमन व्यापाऱ्यांचे म्हणून प्रसिद्ध. मुंबईतल्या मेमन मंडळींना हे नाव काही नवे नाही. फाळणीच्या धामधुमीत बांटव्याची पुष्कळ कुटुंबे कराचीला गेली, त्यांत यांचेही होते. त्याच गावचे एक तरुण गृहस्थ, अब्दुल सत्तार ईधी, यांनी १९५१ साली कराचीच्या जुन्या वस्तीत, मीठादर भागात, एक लहानसा दवाखाना उघडला होता. पैसे नसलेल्या माणसाला औषध मिळावे, एवढाच हेतू. १९५७ मध्ये शहरात फ्ल्यूची मोठी साथ आली तेव्हा त्यांनी रस्त्यावर तंबू ठोकून रोग्यांची सोय केली. तेव्हापासून लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला आणि देणग्या येऊ लागल्या.

याच दवाखान्यात १९६५ साली बिल्किसबानू नर्सचे काम शिकायला दाखल झाल्या. विशीही ओलांडलेली नव्हती. तोपर्यंत तेथील नर्सेस ख्रिस्ती नाहीतर हिंदू समाजातल्या असत. मुसलमानाच्या घरातली मुलगी क्वचितच या वाटेला जाई. आपल्याकडेही त्या काळी चित्र फार निराळे नव्हते. परक्या माणसाची मलमपट्टी करायची, बाळंतिणीचे कपडे धुवायचे, रात्रीची पाळी करायची, हे 'आपल्या' मुलींचे काम नव्हे, असे मानणारे लोक कराचीत होते आणि रत्नागिरीतही होते.

त्यांचे शिक्षण सहा महिन्यांचे. त्यात सुइणीचे प्राथमिक काम आणि रुग्णसेवेची मूलतत्त्वे शिकविली जात. या मुलीचा कामातला उत्साह आणि शिकण्याची हौस ईधींच्या नजरेत भरली. त्यांनी तेथील नर्सिंग विभागाची जबाबदारी तिच्यावर टाकली आणि लग्नाची मागणीही घातली. दोघांच्या वयात जवळजवळ वीस वर्षांचे अंतर होते. १९६६ साली निकाह झाला. नवरदेवाकडे मोटार होती, पण ती रुग्णवाहिका होती!

निकाहाच्याच रात्री दवाखान्यात डोक्याला गंभीर जखम झालेली एक लहान मुलगी आली. नवरा-नवरी दोघेही तिच्यामागे धावले. नव्या नवरीची ती रात्र मुलीला रक्त चढते आहे की नाही ते पाहण्यात आणि तिच्या घाबरलेल्या नातेवाइकांना धीर देण्यात गेली. पुढे १९८९ मध्ये या रात्रीविषयी बोलताना, ती मुलगी वाचली, तिचे लग्न झाले, तिला मुलेबाळे झाली, महत्त्वाचे ते एवढेच, अशा आशयाचे उत्तर दिले गेले. पश्चात्तापाचा शब्द त्यात नव्हता.

पुढे त्यांना चार अपत्ये झाली. संसार दवाखान्याला लागूनच असलेल्या साध्या खोल्यांत. आई कुठे संपते आणि नर्स कुठे सुरू होते, हे त्या घरातल्या मुलांना सांगता आले असते असे मला वाटत नाही. कारण भिंतीच्या पलीकडे प्रसूतिगृह होते आणि दाराबाहेर एक पाळणा टांगलेला होता.

या पाळण्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कराचीत नको असलेली अर्भके उकिरड्यावर, गटाराकाठी टाकलेली सापडत. कुणी गरिबीपायी टाके, कुणी मुलगी झाली म्हणून, कुणी बदनामीच्या भीतीने. ईधी दांपत्याने आपल्या केंद्रांबाहेर पाळणे ठेवले, ज्याला तिकडे 'झूला' म्हणतात. जीव घेऊ नका, मूल या पाळण्यात ठेवा, अशा अर्थाची पाटी त्यावर असे. मूल ठेवणाऱ्याला कोणी नाव विचारायचे नाही, हा नियम. पुढे पाकिस्तानभर असे तीनशेहून अधिक पाळणे झाले. या मार्गाने वाचलेल्या बालकांची संख्या ४२,००० हून अधिक सांगितली जाते.

भगिनींनो, आपण बायका आहोत, म्हणून मी एक गोष्ट उघडपणे बोलते. टाकलेले मूल पाहून कोणाही बाईला पान्हा फुटेल, डोळ्यांत पाणी येईल. पण तासाभरापूर्वी जन्मलेले, थंडीत पडलेले, नाळ धड बांधलेली नाही असे बाळ नुसत्या डोळ्यांतल्या पाण्याने जगत नाही. त्याला आधी ऊब द्यावी लागते. नाळ स्वच्छ करून नीट बांधावी लागते. श्वास बरोबर चालला आहे का, अंग पिवळे पडते आहे का, ते पाहावे लागते. ओढता येत नसेल तर दूध थेंबाथेंबाने, ठसका न लागेल अशा बेताने पाजावे लागते, आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. याला माया तर लागतेच, पण त्याबरोबर शिकलेले हात लागतात. बिल्किसबानूंजवळ दोन्ही होते. म्हणून मी त्यांना आधी परिचारिका म्हणते आणि मग आई. त्यांची माया शिकून तयार झालेली होती.

टीका झालीच. असे पाळणे ठेवल्याने अनाचाराला उत्तेजन मिळते, असे काही मौलवींनी म्हटले. मोठ्यांच्या गुन्ह्याची सजा अर्भकाला देणारा कोणता न्याय, हा माझा त्यावर साधा प्रश्न आहे, आणि उत्तर अजून कोणी दिलेले ऐकले नाही. पाळणे हलले नाहीत.

वाचलेली मुले मूलबाळ नसलेल्या दांपत्यांच्या हाती सोपविण्याचे काम बिल्किसबानू स्वतः पाहत. आपल्या शरीअतमध्ये दत्तक घेऊन मुलाचा वंश बदलता येत नाही, पण यतिमाचे पालकत्व पत्करणे हे सवाबाचे काम आहे, हे येथे बसलेल्या सर्वांना माहीत आहे. कायद्याची वाटही तीच आहे. इंग्रजांच्या काळातला १८९० चा पालक व पाल्य कायदा फाळणीनंतर दोन्ही देशांत चालू राहिला. ज्या मुलांना बापाचे नाव नाही, त्यांच्या कागदावर काय लिहायचे, हा प्रश्न शाळेच्या दारात येतो, हे आमच्या मुख्याध्यापकांना विचारा. तिकडे सुमारे २०,००० मुलांच्या कागदावर पालक म्हणून अब्दुल सत्तार ईधी यांचे नाव लागले. नाव त्यांचे लागले. न्हाऊमाखू घालणे, दुखणीखुपणी काढणे, मुलींची लग्ने लावून देणे हा सगळा कारभार बिल्किसबानूंकडे. बेवारस स्त्रियांच्या मय्यतीला गुस्ल देण्याची व्यवस्थाही बायकांच्याच विभागात होई. वर्तमानपत्रे मात्र बरीच वर्षे त्यांचा उल्लेख 'ईधींच्या पत्नी' असाच करीत राहिली. मॅगसेसे पुरस्काराच्या मंडळींनी ही चूक केली नाही. १९८६ साली लोकसेवेचा तो पुरस्कार त्यांनी पतीपत्नी दोघांच्या नावे दिला. आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, लोकसेवेचा हाच पुरस्कार आपल्या बाबा आमट्यांना मिळाला होता. आनंदवनातल्या साधनाताई ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मी काय म्हणते ते अधिक सांगायला नको.

आता गीताची गोष्ट. ती आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोचते.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लाहोर स्टेशनात समझौता एक्स्प्रेसमध्ये एक लहान मुलगी एकटीच सापडली. तिला ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते. नाव, गाव, आईबाप काहीच सांगता येईना. शेवटी ती ईधींच्या आश्रयाला आली. बिल्किसबानूंनी तिचे नाव फातिमा ठेवले. पण ती हात जोडते, मोठ्यांच्या पाया पडते, हे त्यांच्या ध्यानात आले. मुलगी हिंदू असली पाहिजे, हे ओळखून त्यांनी तिचे नाव बदलून गीता केले आणि कराचीच्या केंद्रात तिच्यासाठी देवांच्या तसबिरी लावून पूजेची जागा करून दिली. दहा वर्षांहून अधिक काळ ती मुलगी तेथे आपल्या धर्माप्रमाणे राहिली. मुकी मुलगी होती. तिला दुसरे काही शिकविले असते तर तक्रार करायला तिला तोंडही नव्हते. पण परक्याची ठेव जशीच्या तशी परत करायची, यालाच आपण अमानत म्हणतो ना?

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी बिल्किसबानू स्वतः तिला घेऊन भारतात आल्या. पंतप्रधानांनी ईधी फाउंडेशनला एक कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. ईधीसाहेबांनी आभार मानले आणि ती स्वीकारली नाही. त्याच २०१५ साली मुंबईच्या हार्मनी फाउंडेशनने बिल्किसबानूंना मदर तेरेसांच्या स्मरणार्थ असलेला पुरस्कार दिला.

गीता इंदूरला मूकबधिरांच्या संस्थेत राहिली. आईबाप म्हणून पुष्कळ लोक पुढे आले, पण खूण पटेना. पुढे तिच्या आठवणींतल्या खाणाखुणांवरून शोध घेत मंडळी परभणीपर्यंत आली. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीवरून जाते. त्या गाडीत चुकून बसून ती सरहद्दीकडे गेली असावी, असा अंदाज आहे. मार्च २०२१ मध्ये बिल्किसबानूंनीच कराचीत वार्ताहरांना सांगितले, की गीताला तिची जन्मदाती आई महाराष्ट्रात भेटली. गीता त्यांच्या संपर्कात होती. दोन देशांचे संबंध त्या वेळी कसे होते ते मी सांगत नाही, पण एका आईने दुसऱ्या आईची मुलगी पोचल्याची बातमी सांगितली.

८ जुलै २०१६ रोजी ईधीसाहेब गेले. त्यानंतरही बिल्किसबानूंनी काम सोडले नाही. १५ एप्रिल २०२२ रोजी, रमजानच्या महिन्यात, जुम्याच्या दिवशी कराचीत त्यांचे निधन झाले. वय ७४. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

पालकांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. मुलगी नर्स आहे म्हटले की लग्नाच्या बोलणीत समोरची माणसे दोन पावले मागे सरकतात, हे मला ठाऊक आहे. आणि त्याच माणसांच्या घरात बाळंतपण निघाले की 'बाईमाणूस नर्स मिळेल का' म्हणून तीच माणसे दवाखान्यात चौकशी करतात, हेही ठाऊक आहे. आपल्या मुली शिकवायच्या नाहीत आणि दुसऱ्यांच्या शिकलेल्या मुलींनी आपल्या बायकांचा पडदा सांभाळावा, हा हिशोब कसा जमायचा?

मजहबाचा आधार हवा असेल तर मदिनेकडे पाहा. खंदकाच्या लढाईत, म्हणजे इसवी सन ६२७ मध्ये, साद बिन मुआज जखमी झाले तेव्हा हुजूरांनी त्यांना मसजिदीतल्या रुफैदा नावाच्या बाईंच्या तंबूत ठेवायला सांगितले. त्या बाई जखमींवर उपचार करीत असत. आपल्या समाजातल्या नर्सचा इतिहास तेथून सुरू होतो.

मुलींनो, आता सहा महिन्यांच्या शिक्षणावर नर्स होता येत नाही, हे लक्षात ठेवा. बारावीनंतर ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. बी.एस्सी.ला जायचे असेल तर अकरावीलाच विज्ञान शाखा घ्यावी लागते आणि जीवशास्त्र सोडून चालत नाही. दहावीचा निकाल लागला की घाईघाईने फॉर्म भरताना ही गोष्ट राहून जाते आणि मग बारावीनंतर रडारड होते. इंग्रजीची भीती बाळगू नका, ते वर्षभरात सवयीने येते. गीताने ऐकता-बोलता येत नसताना, वयाच्या तिशीच्या आसपास, आठवीची परीक्षा पास केली.

ज्यांना या अभ्यासक्रमांची आणखी माहिती हवी असेल त्यांनी चहापानाच्या वेळी मला भेटावे. येताना आईला बरोबर आणावे. आणि वडील आले तर फारच उत्तम.