बोटीचा तोल

आपला नेवासा समुद्रापासून पुष्कळ दूर. आपली पाण्याशी ओळख ती प्रवरेची, आणि प्रवरासंगमाला गेलो की गोदावरीची. मग समुद्रातल्या बोटीची गोष्ट आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. पण शाळेची सहल मुंबईला जाते, गेटवेवरून घारापुरीला निघते, आणि आपली मुलं जन्मात पहिल्यांदा बोटीत पाय ठेवतात. म्हणून गुरुजींनी ही हकीकत ऐकावी आणि वर्गात सांगावी.

एके काळी कोकणात जायचं म्हणजे बोटीनं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला पोचे. बहुतेक बंदरांत ती खोल पाण्यात उभी राही. उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणीत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. पुढं रस्ते झाले आणि ती आगबोट थांबली. मुंबई ते रेवस आणि मांडवा ही वाहतूक मात्र आजही चालू आहे. 2020 सालापासून मांडव्याच्या मोठ्या बोटीत मोटारीसुद्धा चढतात.

याच रेवसच्या वाटेवर 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट बुडाली. गटारी अमावास्येचा दिवस. सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी बोट भरलेली. काशाच्या खडकाजवळ वादळी पावसानं गाठलं. भिजू नये म्हणून माणसं एका बाजूला सरकली, बोट कलली, वर मोठी लाट आली आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास लागले.

आता एक प्रयोग करा. हौदाच्या पाण्यावर परात ठेवा. तिच्यात मधोमध चार मुठी ज्वारी टाका. परात तरंगते. तेवढीच ज्वारी एका कडेला सारा. कड खाली जाते, पाणी आत येतं, परात बुडते. ज्वारी एक दाणाही वाढली नाही बरं का! वाढला तो कल. बोटीचंही असंच. भार किती आहे, इतकंच भार कुठं आहे, हेही महत्त्वाचं.

आणि ही जुनीच गोष्ट आहे असं समजू नका. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीच्या वाटेवर एका प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली आणि पंधरा माणसं दगावली. तिथं चूक उतारूंची नव्हती. पण पाण्यात पडल्यावर माणसाला तारतं ते अंगावरचं तरंगतं जाकीट.

तेव्हा गुरुजी, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. बोट सुटण्यापूर्वीच प्रत्येक मुलाच्या अंगात जाकीट घाला. फळीखाली ठेवलेलं जाकीट ऐन वेळी हाती लागत नाही. मुलं दोन्ही बाजूंना सारखी बसवा, आणि काही पाहायला सगळी एका काठाला धावू देऊ नका. बोट खच्चून भरलेली दिसली, तर खुशाल ती सोडा. मागून दुसरी येते. गेलेलं मूल येत नाही.