डेंजर म्हणजे कोणाचा धाक?



रामनवमीच्या यात्रेस आम्ही पोहरादेवीस गेलो होतो. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला गावोगावचे तांडे लोटले होते. गर्दीतून बाजूला होऊन आम्ही विजेच्या खांबाशी टेकणार, तोच वर कवटीची लाल पाटी दिसली. शेजारीच एका आजोबांनी नातवाला खसकन मागे ओढले. त्यांच्या गोरबोलीतले बाकीचे शब्द आम्हांस कळले नाहीत. 'डेंजर' तेवढा कळला!

हा शब्द इंग्रजांचाही मूळचा नव्हे. तेराव्या शतकाच्या सुमारास तो फ्रेंचांकडून तिकडे गेला, आणि तेव्हा त्याचा अर्थ धोका नव्हता. अर्थ होता धन्याची सत्ता. लॅटिनमध्ये 'डोमिनुस' म्हणजे धनी. त्याच्या हुकमतीवरून हा शब्द घडला. अमुक माणूस तमक्याच्या 'डेंजर'मध्ये आहे, म्हणजे तो त्याच्या मुठीत आहे, धन्याच्या मनात येईल तेव्हा भरडला जाईल. शेक्सपिअरच्या 'व्हेनिसच्या व्यापाऱ्या'त शायलॉकच्या खताने बांधलेल्या अँटोनिओविषयी हा शब्द याच जुन्या अर्थाने आला आहे. पुढे धनी विसरला गेला आणि भरडले जाण्याची भीती तेवढी उरली.

'डोमिनुस'च्या मागे 'डोमुस', म्हणजे घर. आपल्या संस्कृतातला 'दम' तोच, आणि दमाचा पती तो दंपती. तेव्हा डेंजर आणि दंपती ही लांबची भावकी ठरते. श्रोत्यांपैकी विवाहितांना याचे नवल वाटू नये.

आपल्या शब्दांची वाट निराळी. 'संकट' म्हणजे मुळात अरुंद, कोंडीची जागा. 'धोका' हिंदीत फसवणूक, मराठीत भय. धनी त्यांत कोठेच नाही.

पण व्यवहारात तो होता, आणि ते पोहरादेवीइतके दुसरीकडे क्वचित जाणवेल. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ मुलूखभर नेणारे हे लोक. या धंद्याला ते लदेणी म्हणतात. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या त्या यांच्या धान्यावर पोसल्या. मग इंग्रज सरकारने मिठावर कडक कर आणि पहारे बसविले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि रूळ वाढत गेले. लदेणी बुडाली. बैल विकले गेले, पण डोईवर ठपका आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातींची नोंद करावी, हजेरी घ्यावी, परवान्यावाचून हलू देऊ नये, असे ठरविले. बंजाऱ्यांचे गटही पुढे त्यात ओढले गेले. गुन्हा शाबीत होण्याची गरज नव्हती. जन्म पुरे होता. सरकारच्या लेखी ही माणसे 'डेंजरस'. शब्दाचा जुना अर्थ लावला तर मात्र कोण कोणाच्या डेंजरमध्ये होते, हे सांगावयास आमच्यासारखा व्याख्याता नको. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे, तो याच इतिहासामुळे.

याच 'डोमिनुस'चे आणखी एक अपत्य 'डोमिनियन'. १५ ऑगस्ट १९४७ पासून आपला देश कागदोपत्री डोमिनियन होता. २६ जानेवारी १९५० ला ते बिरुद गेले. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. धनी गेल्यावर आणि त्याचे बिरुदही गेल्यावर दोन वर्षे सात महिने त्याच्या वहीतली हजेरी बाकी होती.