मधुमेह आणि साखरेचा समतोल

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचे काम गावाने एकदिलाने तडीस नेले, याबद्दल प्रथम आपणां सर्वांचे अभिनंदन. कोणी पैसा दिला, कोणी वाळू-खडी वाहून दिली, कोणी श्रमदान केले. अशा मंगल प्रसंगी आजाराचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु ज्या विषयावर मी बोलणार आहे तो आपल्या पंगतीशी, उपासाशी आणि या मंदिराच्या फरशीशीही निगडित आहे. म्हणून समितीची आज्ञा मी आनंदाने मानली.

मंडळी, मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या या साऱ्या रक्तात मिळून साखर किती असते? उपाशीपोटी जेमतेम एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत! आपण दिवसभर भाकरी खातो, भात खातो, घरोघरी चहा पितो. तरीही शरीर ही एक चमच्याची मर्यादा सांभाळते. स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन रक्तातील साखर स्नायूंत आणि यकृतात पोचवते, आणि उपास पडला तर यकृत आपल्या कोठारातून ती परत देते. मधुमेहात ही व्यवस्था ढासळते. एक इन्सुलिन तरी कमी पडते, नाहीतर त्याचा शरीरावर अंमल चालत नाही. मग दोन चमचे, तीन चमचे साखर रक्तात फिरत राहते आणि वर्षानुवर्षे डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय यांना आतून कुरतडते. दुखत काहीच नाही. हीच या रोगाची लबाडी आहे.

हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसांचा रोग, असा आपला समज आहे. तो आता सोडावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ग्रामीण भागातील प्रमाण शेकडा 8.9 निघाले. बारीक अंगाच्या माणसालाही तो का होतो, याचा शोध आपल्याच महाराष्ट्रात लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त आढळली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीची, अशी ही आपली ठेवण आहे. तेव्हा, “मी तर वाळकाच आहे, मला काय होणार?” असे कोणीही म्हणू नये. आणि गरोदर सुनेच्या ताटात भाजी, डाळ, दूध पोचते की नाही, याकडे सासूबाईंनी जातीने लक्ष द्यावे. नातवाच्या आरोग्याची पेरणी तेथेच होते.

दुसरे असे की आपली राहणी पालटली. आपला जिल्हा ज्वारीचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असे नाव दिले, इतका हा दाणा आपला. पण रानात आता सोयाबीन आणि कापूस आला, ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला. ज्या जिल्ह्यात जनाबाईंचे गंगाखेड आहे तेथले जाते अडगळीत गेले, मोटही गेली. यंत्रे आली हे बरेच झाले, कष्ट कमी झाले. पण खाणे त्या मानाने बदलले नाही.

आता साखर सम राखायची कशी? तिफणीचे उदाहरण घ्या. तिच्या तीन नळ्यांतून दाणे सारखे पडले तर पेरणी साधते. एक नळी तुंबली की तेवढे तास मोकळे राहते. मधुमेहातही अन्न, श्रम आणि औषध या तीन नळ्या आहेत. तिन्ही रोज आणि वेळेवर चालल्या पाहिजेत.

प्रथम अन्न. ज्वारीची भाकरी चांगली, पण चांगली म्हणून चार खाऊ नयेत. भाकरी दोनाची दीड करावी आणि वरण, मटकीची उसळ, मेथी, अंबाडी, काकडी, ताक वाढवावे. भात मूठभर असावा. गूळ साखरेपेक्षा बरा, हा भ्रम आहे. रक्तात दोघेही साखरच होतात. मधाचेही तेच. चहाचा हिशेब करा. एका कपात दोन चमचे धरले तर पाच घरच्या पाच कपांतून दहा चमचे साखर पोटात जाते. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला म्हणून कोणाचा मान कमी होत नाही. जेवणाच्या वेळा पाळाव्यात. सकाळी उपाशी राहून रात्री दुप्पट जेवल्याने साखर एकदा खाली आपटते आणि एकदा आभाळाला भिडते.

दुसरा श्रम. रोज अर्धा तास झपाझप चालावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे फेरी मारली तर चढणारी साखर बरीच आवरते.

तिसरे औषध. “साखर आता बरोबर आली, मग गोळी कशाला?” असे म्हणून पुष्कळजण गोळी सोडतात. अहो, साखर बरोबर आली ती गोळीमुळेच! कारले, मेथी भाजी म्हणून जरूर खा; परंतु कोणी झाडपाल्याचा काढा देऊन इन्सुलिन बंद करा म्हणाला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

आता उपासाविषयी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगरीचाही भर पिष्टावरच. ताटभर खिचडी खाल्ली तर उपास घडत नाही, साखर मात्र चढते. याउलट इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही गोळ्या घेऊन माणूस निरंकार उपाशी राहिला, तर साखर 70 च्या खाली जाते. दरदरून घाम येतो, हातपाय कापतात, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. लोकांना वाटते याने दारू घेतली, किंवा याच्या अंगात आले. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी, आणि नंतर भाकरीचा तुकडा खाऊ घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. आजारी माणसाला उपासाची सक्ती नाही, असे आपली जुनी माणसेही सांगत आली. ज्यांना उपास करायचाच आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. औषधाची मात्रा त्या दिवसापुरती बदलावी लागते. शेगावच्या पालखीबरोबर किंवा दिंडीत चालणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या उष्णतेत इन्सुलिन निकामी होते. घरी फ्रिज नसेल तर कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बंद करावी आणि सावलीतल्या मातीच्या मडक्यात, बाहेरून ओले फडके गुंडाळून ठेवावी. बर्फात मात्र कधीही ठेवू नये.

तपासणीचे आकडे लक्षात ठेवा. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असली तर ठीक. 100 ते 125 हा उंबरठा. 126 किंवा अधिक दोनदा आली तर मधुमेह. रोग जडल्यावर बहुतेकांनी उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत राखावी. वृद्धांसाठी डॉक्टर हे आकडे थोडे सैल करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी नावाची तपासणीही असते. ती बहुतेकांची 7 च्या आत असावी. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा.

शेवटी समितीला तीन विनंत्या करतो. पहिली, फरशीविषयी. मधुमेहात पायाची संवेदना जाते. चैत्र-वैशाखाच्या दुपारी तापलेल्या दगडावरून प्रदक्षिणा घालताना पाय भाजला तरी अशा माणसाला कळत नाही. फोड येतो, तो चिघळतो, आणि कधी बोट तर कधी पाय कापावा लागतो. म्हणून प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची पट्टी अंथरावी. अशा मंडळींनीही सकाळ-संध्याकाळच दर्शनाला यावे आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. दुसरी, पंगतीविषयी. आमटी, उसळ आणि भाजी आधी व भरपूर वाढावी. गोड नंतर आणि विचारून वाढावे. प्रसाद चिमूटभर घेतला तरी प्रसादच असतो, त्यासाठी द्रोण भरावा लागत नाही. तिसरी, महिन्यातून एका ठरल्या सकाळी आरोग्य कर्मचाऱ्यांना बोलावून याच सभामंडपात साखर व रक्तदाब तपासणी ठेवावी. तालुक्याला जायला एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून जी आयाबाया वर्षानुवर्षे तपासणी टाळतात, त्या देवळात मात्र नक्की येतील.

गावाने दगडाला दगड जोडून हे मंदिर उभे केले. ज्यांच्या हातांनी ते उभे राहिले, त्यांनी ते नातवंडांना स्वतःच्या पायांनी चालत येऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहत दाखवावे, एवढीच माझी इच्छा आहे.