रास्कोलनिकोव्हचा कबुलीजबाब



खून कोणीं केला हें शेवटच्या प्रकरणापर्यंत दडवून ठेवावयाचें, हा रहस्यकथेचा पहिला दंडक. आज जिच्याविषयीं बोलण्याचें योजिलें आहे त्या कादंबरींत हा दंडक आरंभींच मोडलेला आहे. फिओडोर डोस्टोव्हस्की या रशियन कादंबरीकाराची ‘अपराध आणि शिक्षा’ १८६६ सालीं ‘रुस्की व्येस्तनिक’ या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे सहा भाग आहेत व शेवटीं उपसंहार. पहिल्या भागाच्या अखेरीस खून होऊन जातो, आणि खुनी कोण हें आपणांस त्याच्याही आधींपासून ठाऊक असतें. न्यायालयानें ठोठावलेली शिक्षा उपसंहाराच्या पहिल्या कांहीं पानांत उरकली जाते. तेव्हां मधल्या पांच भागांत जी शिक्षा चालू असते ती कोणती, हा प्रश्न मी आपणांपुढें मांडणार आहें.

कथा थोडक्यांत सांगतों. पीटर्सबर्ग शहर, जुलै महिन्याचा उकाडा. पैशाच्या अभावीं विद्यापीठ सोडलेला रास्कोलनिकोव्ह हा तरुण माळ्यावरच्या एका खुराड्यासारख्या खोलींत राहतो. वस्तु गहाण ठेवून घेऊन व्याजानें पैसे देणारी आल्योना इव्हानोव्हना ही म्हातारी जवळच राहते. तिच्या घरापर्यंत बरोबर ७३० पावलें आहेत, तीं त्यानें मोजून ठेविलीं आहेत. त्याच्या डोक्यांत एक उपपत्ति घोळत असते. मनुष्यें दोन प्रकारचीं. सामान्यांनीं नियम पाळावयाचे, आणि नेपोलियनसारख्या असामान्यांना आपल्या कार्यासाठीं रक्त सांडण्याचाही अधिकार. म्हातारीचा पैसा सत्कार्यास लावला तर एका निरुपयोगी जिवाच्या मोबदल्यांत अनेक जीव वांचतील, असा हिशोब. हिशोब चोख आहे. मात्र कुऱ्हाड चालविल्यावर म्हातारीची सावत्र बहीण, गरीब स्वभावाची लिझाव्हेटा, अवचित घरांत येऊन उभी राहते आणि तिचाही बळी पडतो. तिच्यासाठीं उपपत्तींत जागा नव्हती. चोरलेली थैली तो पुढें एका दगडाखालीं दडवितो. तींत ३१७ रूबल होते हें मागाहून कळतें; ज्यानें खून केला त्यानें ती उघडूनसुद्धां पाहिली नव्हती!

आतां कोणी म्हणेल, ही मनाची टोंचणी, हाच पश्चात्ताप. माझ्या मतें येथेंच बहुतेक वाचकांची फसगत होते. रास्कोलनिकोव्हला म्हातारीची कींव येत नाहीं. आपण माणूस मारलें नसून एक ऊ चिरडली, असें तो अखेरपर्यंत मानतो. त्याला जें भोगावें लागतें तें निराळें आहे. खुनाच्या दुसऱ्या दिवशीं घरमालकिणीच्या देण्यापायीं त्याला पोलिसकचेरींत बोलावणें येतें. तेथें बसला असतां त्याच्या ध्यानांत येतें कीं, यापुढें जगांतील कोणाशींही आपल्याला मोकळेपणानें बोलतां येणार नाहीं. नेव्हा नदीच्या पुलावर एक बाई त्याला भिकारी समजून हातावर नाणें ठेवते. तें तो पाण्यांत भिरकावून देतो, आणि त्याच क्षणीं सर्व मनुष्यजातीपासून आपण तुटलों आहों असें त्याला वाटतें. दुरून आलेली आई व बहीण त्याच्या गळ्यांत पडतात, पण मिठी मारावयास त्याचे हातच उचलत नाहींत. ही शिक्षा कोणत्याही दंडसंहितेंत लिहिलेली नाहीं. मला विचाराल तर खुनाच्या वर्णनापेक्षां हे न उचललेले हातच अधिक भयंकर आहेत. आईला कांहींच ठाऊक नसतें, आणि मुलाला तिच्याजवळ जातां येत नाहीं.

रशियन भाषेंत ‘रास्कोल’ म्हणजे फूट, दुभंग. सतराव्या शतकांत तेथील धर्मसंस्थेंत जी फूट पडली तिलाही हाच शब्द लावतात. ‘अपराध’ या अर्थाच्या रशियन शब्दाचा मूळ भाव ‘ओलांडून जाणें’ असा आहे. आपल्याकडील ‘अतिक्रम’ हा त्याचा जवळचा नातलग म्हणावा. ओलांडून गेलेला मनुष्य पलीकडे एकटा उरतो. नायकाच्या नांवांत आणि ग्रंथाच्या नांवांत मिळून अर्धी कादंबरी सांगून झाली आहे.

हा एकांत मोडण्याचा उपाय कबुली, असें आपणांस सहजच वाटेल. परंतु लेखक फार सावध आहे. या कादंबरींत कबुल्यांचा सुकाळ आहे, आणि त्यांतील बहुतेक वांझ आहेत. दारूच्या गुत्त्यांत मार्मेलाडोव्ह भेटतो. आपण बायकोमुलांची कशी धूळधाण केली, हें तो कोणाही परक्यापुढें रसाळपणें सांगतो, रडतो आणि पुन्हा पितो. स्विड्रिगायलोव्ह आपलीं घाणेरडीं कृत्यें चवीनें ऐकवितो. मिकोल्का हा रंगारी तर न केलेला खून कबूल करून बसतो. कांहींतरी दुःख सोसावें एवढीच त्याची ओढ. पोर्फिरी हा तपास-अधिकारी मोठा चतुर. मिकोल्काच्या कबुलीवर तो विश्वास ठेवीत नाहीं. खरा गुन्हेगार आपल्या पायांनीं चालत यावा म्हणून वाट पाहतो.

या सर्वांहून वेगळी ती मार्मेलाडोव्हची मुलगी सोनिया. सावत्र आईच्या भुकेल्या पोरांसाठीं तिनें वेश्यांचा पिवळा परवाना घेतला आहे. तीही मर्यादा ओलांडून गेली आहे. पण दुसऱ्याचा जीव घेऊन नव्हे, स्वतःचा देऊन. रास्कोलनिकोव्ह तिच्याकडून शुभवर्तमानांतील लाझरसाच्या पुनरुत्थानाचा भाग वाचवून घेतो. तें पुस्तक लिझाव्हेटानें तिला आणून दिलेलें असतें! (पतित स्त्रीच्या मुखीं पवित्र वचनें घातलेलीं मासिकाच्या संपादकांना रुचलीं नाहींत व लेखकास तें प्रकरण पुन्हा लिहावें लागलें. संपादकांची अडचण आपण समजूं शकतों, पण कादंबरीचा गाभा तोच होता.) पुढें तो तिच्यापाशीं खून कबूल करतो, तेव्हां ती त्याचा धिक्कार करीत नाहीं, त्यानें स्वतःचें काय करून घेतलें, याचेंच तिला रडूं येतें. चव्हाट्यावर जाऊन जमिनीचें चुंबन घे आणि चारी दिशांना आपला अपराध सांग, असें ती त्याला म्हणते. तिच्या आज्ञेंत पहिला मान मातीचा व माणसांचा आहे, न्यायाधीशाचा नाहीं.

तो जातो. गवतबाजाराच्या चौकांत गुडघे टेकतो, माती चुंबितो. लोक हंसतात, प्यालेला दिसतो म्हणतात. ओठांवर आलेले शब्द परत फिरतात. मग पोलिसकचेरीचे जिने चढतो, आणि स्विड्रिगायलोव्हनें आत्महत्या केल्याची बातमी ऐकून कांहींच न बोलतां उतरून येतो. खालीं आवारांत सोनिया उभी असते, प्रेतासारखी पांढरीफटक. ती एक शब्द बोलत नाहीं. तो मागें वळून पुन्हा वर जातो.

एखाद्या दुय्यम लेखकानें येथेंच पडदा पाडला असता. डोस्टोव्हस्की आपल्याला सायबेरियांत नेतो. आपण होऊन गुन्हा कबूल केला, मनःस्थिति ठीक नव्हती, इत्यादि कारणांनीं आठ वर्षांची सक्तमजुरी झालेली असते. आणि तेथें रास्कोलनिकोव्हला पश्चात्ताप होत नाहीं! आपला अपराध एवढाच कीं आपण कच्चे ठरलों व कबूल करून बसलों, अशी त्याला लाज वाटते. सोबतचे कैदी त्याचा द्वेष करतात. त्याच्यामागून तेथवर आलेल्या सोनियावर मात्र जीव टाकतात. कबुलीजबाब झाला, शिक्षा भोगणें चालू आहे, आणि अनुतापाचा मागमूस नाहीं. हें वाचतांना मन अस्वस्थ होतें, परंतु हें लिहिणारा मनुष्य ऐकीव गोष्टी सांगत नव्हता. १८४९ सालीं पेट्राशेव्हस्कीच्या मंडळांतील सभासद म्हणून तो पकडला गेला, २२ डिसेंबरला वधस्थानीं उभा केला गेला, आणि ऐनवेळीं शिक्षा बदलून ओम्स्कच्या तुरुंगांत चार वर्षे राहिला. त्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकांतही कैद्यांमध्यें पश्चात्तापाची खूण दिसली नाहीं, असें त्यानें नमूद केलें आहे. या कादंबरीचे आरंभींचे मसुदे त्यानें खुन्याच्याच तोंडीं, कबुलीजबाबाच्या रूपानें लिहिले होते. १८६५ च्या नोव्हेंबरांत पुष्कळसें लिखाण जाळून त्यानें नव्यानें आरंभ केला. खुन्याला स्वतःविषयीं जें कळत नाहीं तें खुन्याच्या कबुलींत येणार कसें?

मग उद्धार केव्हां? रास्कोलनिकोव्ह आजारी पडतो. तापांत त्याला स्वप्न पडतें. जगभर एक सांथ पसरली आहे, तिनें पछाडलेल्या प्रत्येकास सत्य आपल्यालाच गवसलें असें वाटतें आणि माणसें एकमेकांस मारीत सुटतात. त्याचीच उपपत्ति, सर्वांना वांटून दिलेली! बरा झाल्यावर एके सकाळीं नदीच्या कांठीं सोनिया शेजारीं येऊन बसते, आणि तो अकस्मात् तिच्या पायांवर कोसळतो. कां, हें लेखक सांगत नाहीं. हा शेवट ओढूनताणून जोडला आहे असें अनेक टीकाकार म्हणतात. नदीकांठचा प्रसंग घाईचा आहे, हें मलाही मान्य आहे. परंतु त्याआधींचीं तीं निबर, निर्लज्ज पानें काढून टाकलीं तर कचेरींत नांव सांगतांच मनुष्य शुद्ध झाला असा समज होईल, आणि सबंध ग्रंथ खोटा पडेल. नदीकांठीं त्याचे हात दुसऱ्या माणसाकडे वळतात. आईच्या मिठीसाठीं ते उचलले नव्हते. ती आई एव्हांना वारली आहे.

शिक्षेचीं अजून सात वर्षें उरलीं आहेत. सोनियानें दिलेलें तेंच शुभवर्तमानाचें पुस्तक त्याच्या उशाखालीं आहे. त्या रात्रीं तो तें हातांत घेतो, उघडीत मात्र नाहीं.