पर्वणीच्या दिवशी फोन का लागत नाही?

नाशिककर श्रोतेहो,

इथून हाकेच्या अंतरावर रामकुंड आहे. 29 ऑगस्ट 2015, सिंहस्थाची पहिली पर्वणी. मी तिथल्या गर्दीत उभा होतो. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या, आणि फोन काही लागत नव्हता. भोंग्यावरून चुकलेल्यांची नावं पुकारली जात होती. शेजारी एका बाईंची आई गर्दीत चुकली होती. त्या एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होत्या. मास्तरकीची खोड, मी मोजत गेलो: अकरा वेळा. आज मी त्यांच्या अंगठ्याविषयी बोलणार आहे.

फोन लागायला टॉवरवर एक वाट मोकळी असावी लागते. अशा किती वाटा हव्यात, याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं 1917 साली मांडलं. जुन्या टूजी टॉवरचं उदाहरण घेऊ. एका दिशेला चार कॅरिअर, प्रत्येकावर आठ टाइमस्लॉट, म्हणजे 32 वाटा. दोन कारभारासाठी बाजूला काढले, उरले 30. सरासरी तीन मिनिटांचा कॉल धरला, तर तासाला सुमारे 440 कॉल येईपर्यंत शंभरातले दोनच परत फिरतात. एरवीच्या दिवसाला हे छान. आता कॉल दुप्पट करा. परत फिरणारे चार होतील असं वाटतं ना? होतात 35.

आणि एर्लांगच्या सूत्रात परत फिरलेला माणूस मुकाट्यानं घरी जातो! सूत्राला त्या बाई ठाऊकच नाहीत. ज्यांचा फोन लागला नाही ते सगळे पाच सेकंदांनी पुन्हा दारात उभे राहतात, गर्दी आणखी वाढते, आणखी फोन परत फिरतात.

अशा वेळी सूत्र बाजूला ठेवून लुटुपुटूचं जाळं उभारावं लागतं. त्याला सिम्युलेशन म्हणतात. आमची मुलं त्यासाठी एनएस-3 हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतात. 2008पासून ते सगळ्यांना खुलं आहे. आत एक वही असते असं समजा. अमुक क्षणी सतरा नंबरच्या फोननं कॉल लावला, तमुक क्षणी चाळीस नंबरच्या फोनचा टॉवर बदलला. संगणक एक नोंद उरकतो आणि घड्याळ थेट पुढच्या नोंदीवर नेतो; मधला रिकामा वेळ गाळतो. फोरजीत टॉवर दर मिलिसेकंदाला नव्यानं वाटप करतो, त्यामुळे नोंदी अफाट होतात आणि पडद्यावरचं एक मिनिट उरकायला चहा दोनदा होतो. या वहीत एक नियम वाढवायचा: कॉल लागला नाही, तर पाच सेकंदांनी पुन्हा. अंगठा आला!

पण माणसं चालतात कशी? सॉफ्टवेअरमधली एक तयार चाल अशी आहे, की फोन वाटेल त्या दिशेला भटकतो आणि हद्दीला टेकला की चेंडूसारखा उलटा फिरतो. पर्वणीला असं कोण भटकतं? तिथे सगळे एकाच वाटेनं, एकाच वेळी, एकाच कुंडाकडे. 27 ऑगस्ट 2003ला इथे चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, ती अशाच अरुंद वाटेवर. जी चाल वहीत चुकली, तिचं उत्तर कितीही दशांशांत छापलं तरी चुकलेलंच.

एकदा एक विद्यार्थी खुशीत आला. "सर, दोनदा चालवलं, आकडा तंतोतंत तोच!" मी म्हटलं, "अरे, फासे तेच पडले." या सॉफ्टवेअरमधले यादृच्छिक आकडे सांगितल्याशिवाय बदलत नाहीत. तीस वेगवेगळ्या फाशांनी चालव, मग सांग.

खऱ्या माणसांचा आकडा मिळवायची खटपट आपल्या गावात झाली आहे. नाशिकचे रमेश रासकर एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आहेत. त्यांच्या पुढाकारानं कुंभथॉन हे कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारं शिबिर झालं आणि 2015ला वाटेवर पावलं मोजणाऱ्या चटया अंथरल्या गेल्या. नाव 'आशिओतो', जपानीत अर्थ पावलांचा आवाज. नुसत्या अंदाजापेक्षा अशी एक चटई मला मोलाची वाटते, कारण सिम्युलेशनला खायला घालायचं धान्य तेच.

पुढच्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027ला आहे. जास्तीचे टॉवर येतील, चाकांवरचेही येतील. तरी तुम्हाला एक विनंती. त्या दिवशी फोन लागला नाही, तर अंगठा आवरा. एक साधा एसएमएस टाका. तो छोटा असतो, वाट मोकळी होईपर्यंत थांबतो. आणि गोदावरीवर निघण्याआधी, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.