माळवद गेले, ऊन राहिले

आपल्या पारनेरकडच्या धाब्याच्या घरात वैशाखातही दुपारी डोळा लागे. माळवदावरच्या पांढऱ्या मातीच्या जाड थरातून ऊन खाली उतरेपर्यंत दिवस कललेला असे. आता नव्या घरांवर उतरता पत्रा आला. आत उंच, ऐसपैस. पण सारी धग थेट डोक्यावर! म्हाताऱ्यांनी आणि पाळण्यातल्या पोरांनी दुपारी जावे कुठे?

आम्ही म्हणतो, पत्र्याखाली चार बोटे पोकळी सोडून तक्तपोशी ठोका. वळचणीला आणि आढ्याशी झरोके ठेवा, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. झरोक्यांना जाळी हवी. चिमण्या टपलेल्याच असतात. चकचकीत चंदेरी कागद लावाल, तर त्यालाही पोकळी हवी. पत्र्याला चिकटवलात तर तो निव्वळ शोभेचा. हे सारे सुताराला आधीच सांगा. मागाहून आढे उकलणे म्हणजे पावसाला आवतण.